वाढते उत्पन्न, रिकामे हात

(शिवाजी पार्क येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला जो विषय दिला गेला आहे तो अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात एका रूक्ष वाक्यात मावतो. गरीब देशाचे राष्ट्रीय उत्पन्न वाढते, तरी त्या मानाने रोजगार वाढत नाही; तो वाढावा यासाठी काय करावे? परंतु ज्या परिसरात आपण बसलो आहोत तेथे हा विषय रूक्ष राहू शकत नाही. समोरचे मैदान १९२५ साली तयार झाले आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या मैदानाने लाखांच्या सभा पाहिल्या. त्यानंतर ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा येथेच भरला, आणि त्या मेळाव्याच्या मुळाशी प्रश्न होता तो नोकरीचाच.

तो प्रश्न खोटा होता असे मी म्हणणार नाही. मराठी तरुण मॅट्रिक होत होता, टंकलेखनाच्या परीक्षा देत होता आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. प्रश्न खरा होता. उत्तर मात्र यादीचे दिले गेले. कोणत्या कंपनीत कोणत्या आडनावाचे किती अधिकारी आहेत याच्या याद्या छापून आल्या, आणि नोकऱ्या किती आहेत याऐवजी त्या कोणाकडे आहेत यावर राजकारण उभे राहिले. भाकरी वाटण्याचे भांडण भाकरी थापण्याच्या प्रश्नावर मात करून गेले. पुढे राज्य सरकारनेही उद्योगांना दिल्या जाणाऱ्या सवलतींना ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट जोडली. अट रास्त आहे. पण ८० टक्के कशाचे? पाचशे कोटींच्या कारखान्यात जर दीडशेच माणसे लागणार असतील तर त्यांतली एकशेवीस मराठी असली काय आणि दीडशेच्या दीडशे असली काय, तालुक्यातल्या हजारो रिकाम्या हातांना त्याने काय मिळते?

२०२४ सालच्या पोलीस भरतीचा आकडा आपल्यापैकी अनेकांच्या घरात पोचलेला असेल. राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. पावसाळ्याच्या तोंडावर मैदानी चाचणीसाठी गावोगावची मुले-मुली शहरांत आली, पदपथांवर आणि पुलांखाली झोपली, पहाटे धावली. त्यांत पदवीधर होते, पदव्युत्तर होते, अभियंते होते. महाराष्ट्र हे देशातले सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेले राज्य. त्या राज्याच्या तरुणांना शिपायाच्या नोकरीसाठी असे रस्त्यावर निजावे लागत असेल तर वाढीच्या आकड्यांची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहेच.

तपासणी केली तर काय दिसते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर २०२४ साली भारतातील रोजगाराचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे २००० ते २०१२ या काळात देशाचे उत्पादन वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले आणि रोजगार वाढला दीड टक्क्याच्या आसपास. २०१२ ते २०१९ या काळात उत्पादनवाढीचा वेग किंचित वाढलाच, आणि रोजगारवाढ मात्र जवळजवळ शून्यावर आली. त्यानंतर रोजगार पुन्हा वाढला असे सरकारी पाहणी सांगते. पण तो कोठे वाढला ते पाहा. २०१८-१९ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ४६.१ टक्के झाले. जगात जो देश पुढे गेला त्याची माणसे शेतीतून बाहेर पडून कारखान्यात गेली. आपली माणसे करोनाच्या साथीत शहरातून जी गावाकडे परतली त्यांतली पुष्कळशी तेथेच राहिली. राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचवा हिस्सादेखील जी शेती निर्माण करत नाही तिच्यावर जवळजवळ निम्मे हात टेकलेले आहेत. ज्या बांधावर दोघांचे काम आहे तेथे चौघे उभे आहेत, आणि मोजणीदाराच्या वहीत चौघेही कामकरी.

म्हणूनच २०२३-२४ मध्ये बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता या सरकारी वाक्याने आपण दबून जाऊ नये. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो भाजीची पाटी घेतो, मोटारसायकलवरून दुसऱ्याचे जेवण पोचवतो, नाहीतर भावाच्या दुकानात बिनपगारी बसतो. स्त्रियांचा श्रमसहभाग वाढला म्हणून जो आनंद व्यक्त होतो त्यातही घरच्या शेतावर वा घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय राबणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा आहे. देशातल्या कामाची संख्या मोजण्यापूर्वी कामाची किंमत मोजली पाहिजे.

हे असे का झाले? यंत्र आले म्हणून माणूस गेला, एवढ्यावर आपले पुष्कळ कार्यकर्ते थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. यंत्र आपोआप येत नाही. त्याला कोणीतरी स्वस्त करून आणावे लागते. आणि या बाबतीत आपल्या दारातच एक धडा आहे.

येथून पायी निघालात तर काही मिनिटांत शिवसेना भवनासमोर पोचाल. तेथे काचेचा जो उंच मनोरा दिसतो ती कोहिनूर गिरणी क्रमांक ३ ची जागा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ती २००५ साली ४२१ कोटी रुपयांना विकली. उलट दिशेला, चैत्यभूमीच्या अंगाला गेलात तर इंदू मिलची जागा लागते. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी दिली गेली, ते योग्यच झाले. त्यापुढे दक्षिणेला प्रभादेवी, परळ, लालबाग, भायखळा हे सगळे गिरणगाव. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढली. तेथून सव्वाशे वर्षे या शहराचा संसार गिरणीच्या भोंग्यावर चालला. १९५० साली बोनससाठी समाजवादी मिल मजदूर सभेने जो संप केला त्यात सुमारे दोन लाख कामगार ६३ दिवस बाहेर राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला त्यात अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला.

संपामुळे गिरण्या बुडाल्या, हे वाक्य आता इतके रुळले आहे की शाळेतली मुलेही ते म्हणतात. संपाच्या डावपेचांची चर्चा अवश्य करावी. परंतु त्या संपाच्या कितीतरी आधीपासून मालकांनी गिरण्यांत नवी गुंतवणूक थांबवली होती, जुन्या मागांवरच शेवटचा पैसा काढून घेतला जात होता आणि नफा इतर धंद्यांत वळवला जात होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. गिरण्यांच्या ताब्यात मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन होती. एकदा का जमिनीचा भाव कापडाच्या भावाहून वेगाने चढू लागला की गिरणी चालवणे हाच तोट्याचा व्यवहार ठरतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. या जमिनीची वाटणी करावी, स्थूलमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला, उरलेली मालकाला; आणि विक्रीच्या पैशातून गिरण्यांची दुरुस्ती व्हावी, कामगारांची देणी भागवावीत, असा त्याचा आशय होता. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतींखालच्या जमिनीची नव्हे, असे ठरले आणि जनतेचा वाटा आक्रसून गेला. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

यातून शहराचे उत्पन्न घटले का? नाही. उलट ते कित्येक पटींनी वाढले. गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये, उपाहारगृहे, चाळीस-पन्नास मजली घरे उभी राहिली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा सगळा विकासच. फरक एवढाच की ही वाढ उत्पादनातून आलेली नव्हती, जमिनीच्या खंडातून आलेली होती, आणि खंडाला कामगार लागत नाहीत. पहारेकरी लागतात.

आता कापडाचे काय झाले ते पाहा, कारण माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोधप्रद भाग तो आहे. लोकांनी कपडे घालणे सोडले नाही. मुंबईत बंद पडलेले काम भिवंडीला गेले, मालेगावला गेले, इचलकरंजीला गेले, सुरतेला गेले. तेथे यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेत, भविष्य निर्वाह निधी नाही, हजेरीपत्रक नाही, अशा स्थितीत लाखो लोक तेच काम करू लागले. रोजगार नष्ट झाला असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्याची किंमत नष्ट झाली. आणि ती किंमत केवळ कामगाराच्या खिशातली नव्हती. गिरणीच्या पगारावर गिरणगावातल्या खाणावळी चालत. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून आलेला एकटा कामगार महिन्याच्या बोलीवर जेवे, आणि त्याला जेवू घालणारी बहुधा कोणा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणी थांबली तेव्हा या चुलीही थंडावल्या. एका पक्क्या पगारामागे अशी कितीतरी लहान कामे उभी असतात, आणि मॉलमधल्या पहारेकऱ्याच्या कंत्राटी पगारामागे ती उभी राहत नाहीत. तो स्वतःच डबा घेऊन येतो.

लहान उद्योगाबद्दल आपल्या विचारपरंपरेत फार आस्था आहे. गांधीजींचा चरखा, लोहियांचे लहान यंत्र, आणि १९५५ सालची प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समिती, हे सर्व एकाच काळजीतून आलेले विचार होते. कर्वे समितीचे म्हणणे असे की जड उद्योगांत भांडवल घालताना रोजच्या वापराच्या वस्तूंचे उत्पादन होईल तितके लहान उद्योगांकडे ठेवावे, म्हणजे यंत्रामुळे नवी बेकारी होणार नाही, आणि त्या लहान उद्योगांचे तंत्र हळूहळू सुधारत न्यावे. यातला पहिला भाग सरकारने उचलला. १९६७ पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, ती यादी शेकड्यांत गेली आणि २०१५ साली पूर्णपणे संपली. दुसरा भाग, म्हणजे तंत्र सुधारण्याचा, पतपुरवठ्याचा, एकत्रित खरेदी-विक्रीचा, तो मात्र कागदावरच राहिला. केवळ राखीव ठेवून लहान धंदा वाढत नाही. तो लहानच राहावा अशी त्याला सक्ती होते. भिवंडीने हेही दाखवले की लहान म्हणजे न्याय्य असे नव्हे. लहान यंत्राच्या पाठीशी सहकार आणि मजुरीचा कायदा नसेल तर ते मोठ्या यंत्राइतकेच निर्दय होते.

याउलट चीनने काय केले? १९७८ मध्ये तेथील ग्रामीण व निमशहरी उद्योगांत सुमारे २ कोटी ८० लाख लोक होते. १९९६ पर्यंत ते साडेतेरा कोटींवर गेले. त्याआधी जमिनीचे वाटप झालेले होते, खेड्याच्या हातात शेतीमालाचा बरा भाव आला होता आणि स्थानिक पंचायतींना उद्योग काढण्यात रस होता. तेथील हुकूमशाही आपल्याला नको. परंतु खेड्याची खरेदीशक्ती वाढली की खेड्यालगत कारखाना उभा राहतो, या सत्याला हुकूमशाहीची गरज नाही. बांगलादेशाने तयार कपड्यांच्या धंद्यात सुमारे ४० लाख लोकांना, मुख्यतः स्त्रियांना, काम दिले. तेही खरे, आणि २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेही खरे.

आता भांडवल स्वस्त कोण करते, या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्र सरकारची उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण प्रोत्साहन मोजायचे कशावर? जमीन, इमारत आणि यंत्रे यांवर किती रुपये गुंतवले त्यावर. म्हणजे जो कारखानदार शंभर कोटींची यंत्रे आणून पन्नास माणसे घेतो त्याला मोठी सवलत, आणि जो दहा कोटींत पाचशे माणसांना काम देतो त्याला छोटी. वर यंत्राच्या घसाऱ्यावर प्राप्तिकरात सूट, व्याजात सूट, विजेत सूट. माणूस ठेवला तर मात्र प्रत्येक महिन्याला खर्च. सरकार स्वतःच तराजूच्या एका पारड्यात हात घालते आणि मग दुसरे पारडे वर का गेले म्हणून समित्या नेमते.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! प्रकल्प पळवला, मराठी तरुणाच्या तोंडचा घास पळवला, असे सर्व पक्ष एकमेकांना म्हणत होते. जाहीर झालेली गुंतवणूक १ लाख ५४ हजार कोटी. सांगितलेला रोजगार, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून, एक लाख. भागाकार करा. एका रोजगारामागे एक कोटी चोपन्न लाख रुपये. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. घास ना इकडे राहिला ना तिकडे. अशा उद्योगांची देशाला गरज नाही असे मी म्हणत नाही. पण ते रोजगाराचे धोरण म्हणून खपवू नयेत. ज्या दिवशी हा प्रकल्प गेला म्हणून पहिल्या पानावर मथळे होते त्या दिवशी राज्यात किती यंत्रमाग बंद होते, किती साखर कामगारांचे पगार थकले होते, हे कोणी विचारले नाही.

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, कामगार कायदे कडक आहेत म्हणून मालक माणसे घेत नाहीत. १९७६ साली, आणीबाणीत, तीनशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी व बंदीसाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. पुढे ती मर्यादा शंभरावर आणली गेली. या तरतुदीमुळे काही कारखानदार मुद्दाम लहान राहिले असतील, हे मी नाकारत नाही. पण गिरणगावातल्या गिरण्या हा कायदा असतानाच बंद झाल्या. आणि आज संघटित कारखान्यांतले सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटी आहेत, म्हणजे त्यांना काढायला कोणाची परवानगी लागत नाही. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या; त्यांनी ती मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आहे. कायदा हाच अडसर होता असे मानणाऱ्यांनी आता नोकऱ्यांचा हिशेब द्यावा. मागणी नसेल तर काढण्याची मोकळीक मिळाल्याने कोणी माणूस घेत नसतो.

मागणी. आपल्या राज्याने या एका शब्दाचा अर्थ एकदा फार चांगला ओळखला होता, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर बोलू द्या.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचे, आणि ते काम शेतीची उत्पादकता वाढवणारे असायचे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या त्या माणसांनी मोर्चे काढले, घेराव घातले, मजुरीचे दर मागितले. आपल्या, लाल निशाणच्या आणि इतर डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव संघटना बांधल्या. त्या दडपणातून रोजगार हमी कायदा झाला. तो १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. आणि खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर. जगात त्या वेळी असा कायदा अन्यत्र नव्हता.

त्याला पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून वसूल झालेल्या रकमेत सरकारने तेवढीच भर घालायची आणि ती ग्रामीण रोजगारावर खर्चायची. म्हणजे या शिवाजी पार्कच्या इमारतींत राहणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये माण-खटावच्या बंधाऱ्यावर गेले. मराठी मध्यमवर्गाने दुष्काळी शेतकऱ्यासाठी दिलेली ही वर्गणी सक्तीची होती, तरी तिचे मोल कमी नाही. तो कर आजही कापला जातो. कशासाठी, ते पगारपत्रक पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते.

योजनेचे दोष आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. खोटी हजेरीपत्रके, मुकादमाची टक्केवारी, उन्हात विनाकारण फोडलेली खडी. १९८८ साली मजुरीचे दर वाढवल्यानंतर मागेल त्याला काम हे तत्त्वच अनेक ठिकाणी शिथिल झाले आणि हजेरी घटत गेली, हेही नोंदवले पाहिजे. तथापि तिने काय साधले तेही पाहावे. जवळ काम आहे हे ठाऊक असल्यामुळे मजूर स्त्री मालकाच्या दारात आपली मजुरी ठरवून मागू शकली. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते आणि मोजमापाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता. मजुरीचा पैसा गावच्या बाजारात फिरला. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी झाल्या. आणि १९९० पासून फळबागा रोजगार हमीशी जोडल्या गेल्या तेव्हा तर या विचाराची खरी ताकद दिसली. शेतकऱ्याने स्वतःच्या पडीक तुकड्यावर खड्डे खणायचे, झाडे लावायची, ती जगवायची, आणि त्याची मजुरी योजनेतून घ्यायची. सांगोल्याचे डाळिंब, कोकणातला काजू आणि आंबा यांच्या विस्तारामागे हे एक मोठे कारण आहे. मजुरी एकदाच दिली, बाग मात्र पुढे वर्षानुवर्षे छाटणी, काढणी, प्रतवारी, वाहतूक यांचे काम देत राहिली. सिंधुदुर्गात काजू फोडण्याच्या लहान कारखान्यांत बायका काम करू लागल्या. वाढीने रोजगार दिला असे नव्हे. रोजगाराने वाढ दिली. आपल्याकडचे नियोजनकार नेहमी उलट दिशेने विचार करतात, आधी वाढ होऊ द्या, काम मागून झिरपेल. म्हणून मी या उदाहरणावर इतका वेळ घेतला.

२००५ साली केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याचा आदर्श महाराष्ट्राचा होता, मात्र आपल्या कायद्यात नसलेली कुटुंबामागे १०० दिवसांची मर्यादा त्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ केले, हे ठळकपणे सांगितले गेले. प्रत्येक राज्याची रक्कम केंद्राने आधी ठरवायची, बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के भाग उचलायचा, ठरलेल्या रकमेच्या वर गेले तर राज्याने भरायचे, आणि शेतीच्या हंगामात साठ दिवस कामे बंद ठेवायची, हे हळू आवाजात सांगितले गेले. रक्कम आधी ठरली की हमीचा अर्थ उरत नाही; ते वाटप होते. आणि हंगामात कामे बंद ठेवणे म्हणजे मजुराची घासाघीस करण्याची शक्ती नेमक्या त्याच वेळी काढून घेणे होय.

शहराचे काय? मुंबईने पन्नास वर्षे व्यवसाय कर भरला, पण मुंबईच्या बेकाराला हमी कधी मिळाली नाही. केरळने २०१० साली, राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगार हमीच्या योजना काढल्या. महाराष्ट्राने, जेथे ही कल्पना जन्मली, तिचा विचारही गंभीरपणे केलेला नाही. शहरात कामे नाहीत असे कोण म्हणेल? नाले आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची शुश्रूषा आहे. कामे आहेत, ती करणारी माणसेही आहेत. त्यांना कामगार म्हणण्याची सरकारची तयारी नाही. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना आपण पगार देत नाही, मानधन देतो. जणू काही त्या हौसेने येतात. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे २,७०० कामगार कंत्राटदाराचे की पालिकेचे हा वाद दहा वर्षे चालला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कामगार जिंकले. सर्वांत श्रीमंत महापालिकेला आपला कचरा उचलणारा माणूस आपला म्हणायला न्यायालयात ओढावे लागले. रोजगार वाढवण्यासाठी सरकारला नेहमी परदेशी कंपनीची वाट पाहावी लागत नाही; पुष्कळदा स्वतःच्या कामाचा पक्का पगार देणे पुरेसे असते, आणि त्या पगारातून दादरच्या बाजारातही चार पैसे येतात.

मागण्यांची लांब यादी मी देत नाही. आपले ठराव याद्यांनी भरलेले असतात. मला दोनच गोष्टी पुढे आणाव्याशा वाटतात. उद्योगांना दिली जाणारी प्रत्येक सवलत गुंतवलेल्या भांडवलावर न मोजता, भविष्य निर्वाह निधीत नोंद झालेल्या कायम कामगारांच्या एकूण पगारावर मोजली जावी. आणि व्यवसाय कराचा मूळ हेतू पुन्हा जिवंत करून, तो शहरालाही लागू होईल असा राज्याचा रोजगार हमी कायदा व्हावा. पहिली मागणी कारखानदारांना आवडणार नाही, दुसरी अर्थखात्याला. त्यासाठी आपल्या हाती आकडे हवेत, आणि ते कोणी आयते देणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीबद्दल माहिती अधिकारात तीन गोष्टी मागवाव्यात: गेल्या दहा वर्षांत कोणत्या कारखान्याला किती रुपयांची सवलत मिळाली, अर्जात किती रोजगार लिहिले होते, आणि आज भविष्य निर्वाह निधीत किती नावे आहेत. मुंबईतल्या मित्रांनी आपापल्या विभागातल्या गिरणीच्या जमिनीवर आज किती माणसे काम करतात, कोणत्या पगारावर, आणि त्यांतली कायम किती, याची नोंद स्वतः फिरून करावी. परळपासून सुरुवात करणाऱ्यांनी आजच नावे द्यावीत. वही दाराशी ठेवलेली आहे.